शरीराच्या चिल्लरचा हिशेब लावणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आमच्या शाळेत दरवर्षी डिसेंबरात क्रीडा सप्ताह असतो. शंभर मीटरची शर्यत लागली की मी शिट्टी धरून शेवटच्या रेषेवर उभी असते आणि नेहमी एकच गोष्ट बघते. पोरं सुटतात, जीव तोडून धावतात, आणि पहिल्या काही सेकंदांत त्यांना धाप लागलेलीच नसते. धाप लागते ती रेषा ओलांडल्यावर. म्हणजे श्वासातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचून, त्याने साखर जाळून ताकद तयार होण्याआधीच पाय पळालेले असतात. मग ती पहिली ताकद आली कुठून?

या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने शोधलं तो आपल्याच देशातला. आंध्रातल्या भीमावरम गावचा, मॅट्रिकला दोनदा नापास झालेला, आणि अमेरिकेत पोट भरण्यासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीला रुग्णांची भांडी धुणारा. दहावीच्या विज्ञानात मुलं क्रेब्स चक्र पाठ करतात, एटीपी म्हणजे ऊर्जेचं चलन हे वाक्य हमखास लिहितात, पण डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव विचारलं तर वर्गात शांतता पसरते. खरं सांगायचं तर बी.एड. होईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

जन्म 12 जानेवारी 1895. वडील जगन्नाथम महसूल खात्यात साधे कारकून. तब्येत धड नाही म्हणून त्यांची नोकरी लवकरच सुटली. आई वेंकम्मा. सात भावंडांचं कुटुंब आणि खायची तोंडं जास्त. तेरा वर्षांचा असताना हा मुलगा घरातून पळाला. का, तर काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं! घरच्यांनी त्याला परत आणलं. आईने ठरवलं की हा शिकणारच. वडील गेल्यावर तिने अंगावरचे दागिने विकून त्याला मद्रासला शिकायला ठेवलं. तिथे तिसऱ्या प्रयत्नात तो मॅट्रिक झाला. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी अम्मींनी हेच केलंय, त्यामुळे हा प्रसंग मला कधी लांबचा वाटला नाही.

कॉलेजात असताना त्यांचं मन रामकृष्ण मठाकडे वळलं. संन्यास घ्यायचा असं त्यांच्या डोक्यात होतं. आई तयार नव्हती, आणि मठातल्या लोकांनीही डॉक्टर होऊन सेवा करण्याचा सल्ला दिला. मग मद्रास मेडिकल कॉलेज. पैशाची अडचण होतीच. ती बऱ्याच अंशी सासऱ्यांनी सोडवली. 1919 मध्ये शेषगिरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि पुढच्या शिक्षणाचा भार सासरच्यांनी उचलला.

तो काळ असहकाराचा. गांधीजींनी विलायती कपड्यावर बहिष्कार घालायला सांगितलं, आणि हा विद्यार्थी शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घालून उभा राहिला. इंग्रज प्राध्यापकाला ते झोंबलं. सुब्बाराव यांचे लेखी पेपर चांगले गेले होते, तरी त्यांना पूर्ण एम.बी.बी.एस. पदवी मिळाली नाही. त्यापेक्षा खालची मानली जाणारी एल.एम.एस. मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेत अर्ज केला, तोही नाकारला गेला. शेवटी मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात शरीररचना शिकवायची नोकरी पत्करली. एका अंगरख्याची किंमत एवढी.

याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू नावाच्या आजाराने गेले. या आजारात आतडं अन्न शोषून घेऊ शकत नाही. माणूस जेवतो, पण अन्न अंगी लागत नाही. जुलाब होतात, रक्त कमी होतं आणि शरीर वाळत जातं. त्या काळी यावर औषध नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

1920 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते बोस्टनला पोचले. खिशात जवळजवळ काहीच नव्हतं. वाटखर्चाला सासऱ्यांची आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेची मदत झाली होती. हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातल्या आजारांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश होता, शिष्यवृत्ती नव्हती. हिंदुस्थानातली पदवी तिथे डॉक्टरकीसाठी चालत नव्हती. म्हणून हॉस्पिटलात रात्रपाळीचा हमाल. मलमूत्राची भांडी धुवायची आणि सकाळी अंघोळ करून वर्गात बसायचं. डिप्लोमा झाला आणि ते हार्वर्डच्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली गेले.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, पैशाच्या भाषेत सांगते.

आपण खातो ती भाकरी, भात, डाळ, गोश्त म्हणजे कमाई. पचन झालं की पिठाचे पदार्थ साखर म्हणून रक्तात येतात. पण रक्तात एका वेळी फिरणारी साखर फार थोडी, सगळी मिळून जेमतेम एक चमचाभर. उरलेली साखर शरीर साठवतं. यकृतात साधारण शंभर ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तीन-चार पट साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात असते. ते म्हणजे घरातल्या डब्यात ठेवलेले पैसे, लागले की काढता येतात. त्याहून जास्त झालं तर चरबी. ती बँकेतली मुदत ठेव. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, साखरेत चार. कमी जागेत जास्त माल, म्हणून शरीराला चरबी साठवायला आवडतं, आपल्याला आवडो न आवडो. रमजानमध्ये सहरी ते इफ्तार हाच व्यवहार चालतो. आधी सहरीच्या जेवणावर काम भागतं, मग यकृताचा डबा हळूहळू रिकामा होत जातो, आणि दुपार कलली की शरीर चरबीच्या ठेवीला जास्त हात लावू लागतं.

पण रिक्षावाल्याला मुदत ठेवीची पावती देऊन चालतं का? त्याला सुटे पैसे लागतात. स्नायूचा तंतू आखडायचा असो, मेंदूतला निरोप पाठवायचा असो, हृदयाचा ठोका असो, पेशीला दर वेळी सुटे पैसेच लागतात. ही चिल्लर म्हणजे एटीपी, ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. नावातच तीन फॉस्फेट आहेत. शेवटचं फॉस्फेट तुटलं की ऊर्जा मिळते. मग पेशी अन्नाच्या ऊर्जेवर ते फॉस्फेट पुन्हा जोडते. परत तोडते, परत जोडते. शरीरात एका क्षणाला असलेलं एटीपी पाव किलोसुद्धा भरत नाही, पण दिवसभरात ते इतक्या वेळा फिरतं की एकूण उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाएवढी होते! दुकानदाराच्या गल्ल्यात दहाच्या त्याच त्या नोटा दिवसभर येत-जात राहतात, तसंच.

सुब्बाराव हार्वर्डला आले तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. स्नायूंची ताकद लॅक्टिक आम्लातून येते अशी समजूत होती. त्या कामासाठी इंग्लंडचे आर्चिबाल्ड हिल आणि जर्मनीचे ओटो मायरहॉफ यांना 1922 चं नोबेल मिळालं होतं. अशा वेळी वेगळं काही म्हणायला हिंमत लागते. पण या दोघांनी वेगळं म्हणायचं ठरवून काम सुरू केलंच नव्हतं. फिस्के यांना रक्तातलं आणि लघवीतलं फॉस्फरस अचूक मोजायची पद्धत हवी होती, एवढंच.

पद्धत तयार झाली ती अशी. नमुन्यात मॉलिब्डेट घालायचं, ते फॉस्फेटशी जोडलं जातं. मग आणखी एक रसायन घातलं की निळा रंग येतो. निळा जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. 1925 मध्ये ही पद्धत छापून आली आणि फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभर गेली. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण मोजमाप नीट झालं की लपलेल्या गोष्टी आपोआप दिसू लागतात, आणि इथे तसंच झालं.

रक्ताच्या नमुन्यात निळा रंग लगेच यायचा. स्नायूच्या अर्कात मात्र तो रेंगाळत, हळूहळू गडद व्हायचा. एखाद्याने म्हटलं असतं की रसायन जुनं झालं असेल, हात चुकला असेल, नमुना फेकून द्या. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण तेच करतो. सुब्बाराव आणि फिस्के यांनी या उशिराचा पाठलाग केला. फॉस्फेट हळूहळू सुटतंय, याचा अर्थ आधी ते दुसऱ्या कशाला तरी बांधलेलं होतं आणि परीक्षेच्या आम्लात ती गाठ सुटत होती. तोवर सगळे शास्त्रज्ञ त्याला मोकळं फॉस्फेट समजून मोजत आले होते. हा नवा पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. 1927 मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला. मांजराच्या स्नायूला विजेचे झटके देऊन काम करायला लावलं तर तो कमी होतो आणि स्नायूला विश्रांती दिली की परत भरतो, हेही त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही हा पदार्थ सापडला होता, पण तो नेमका काय आहे हे बोस्टनच्या या जोडीने सांगितलं.

माझ्या शंभर मीटरच्या शर्यतीचं उत्तर इथे आहे. पाय सुटतात तेव्हा स्नायूतली एटीपीची चिल्लर दोन-तीन सेकंदांत संपेल एवढीच असते. लगेच फॉस्फोक्रिएटिन धावून येतं आणि आपलं फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा भरतं. घरात पाहुणे आले, साखर संपली, शेजारणीने भिंतीवरून वाटीभर साखर दिली, तसा हा व्यवहार. साधारण दहा सेकंद तो पुरतो. तोवर स्नायूतलं ग्लायकोजेन मोडायला सुरुवात झालेली असते, आणि मागून ऑक्सिजन येऊन मोठी चूल पेटवतो. रेषा ओलांडल्यावरची धाप म्हणजे शेजारणीची वाटी परत करणं चाललेलं असतं.

1929 मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूंतून एटीपी वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीत मायरहॉफ यांच्याच प्रयोगशाळेत काम करणारे कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधलं. म्हणून पुस्तकांत कधी हे नाव दिसतं, कधी ते. दोन्ही बरोबर आहेत. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल तयार होऊ न देताही स्नायू आखडतो हे दाखवलं आणि जुनी समजूत कोसळली. एटीपी ही शरीरभर चालणारी नोट आहे, हे पूर्ण चित्र 1941 मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी मांडलं.

1930 मध्ये सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. पण कायमची जागा नाही मिळाली. वर्षामागून वर्षं खालच्या पदावर गेली. त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या आणि पुढे 1988 चं नोबेल मिळवणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर सांगितलं, की फिस्के यांच्या मत्सरामुळे सुब्बाराव यांचं काही काम उजेडातच आलं नाही आणि ते इतरांना वर्षांनी पुन्हा शोधावं लागलं. खुद्द सुब्बाराव यांनी याबद्दल गाजावाजा केला नाही. मुलाखती देणं, आपलं नाव पुढे करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. या बाबतीत मला त्यांचा थोडा राग येतो. नम्रता चांगली, पण आपल्या कामाचं श्रेय सोडून दिलं की मागून येणाऱ्या मुलांना वाट दाखवणारा दिवाही विझतो.

परकेपणही होतंच. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व नाकारलं, आणि 1946 चा कायदा येईपर्यंत ते दार बंदच राहिलं. ज्या देशासाठी हा माणूस औषधं शोधत होता, तिथे तो जवळजवळ शेवटपर्यंत परदेशीच होता.

1940 मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. लवकरच ते तिथे संशोधनाचे प्रमुख झाले. पुढच्या आठ वर्षांत जे झालं ते वाचून माणूस थक्क होतो.

पहिलं काम फॉलिक आम्लाचं, आणि याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत होता, त्यात जीव जात होते. विल्स यांनी घराघरांतलं खाणं तपासलं. सगळ्यात निकृष्ट जेवण आणि सगळ्यात जास्त आजार गरीब मुसलमान बायकांमध्ये आढळला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्स यांनी 1931 मध्ये छापलं. अर्कात काहीतरी होतं, पण काय ते कळत नव्हतं. ते काहीतरी म्हणजे फॉलिक आम्ल. सुब्बाराव यांच्या पथकाने 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, आणि तेव्हापासून ते गोळीत मावतं. डोंगरी-मदनपुऱ्यातल्या आपल्या पणज्यांच्या पिढीच्या दुखण्यावर भीमावरमच्या माणसाने अमेरिकेत बसून उत्तर तयार केलं. आणि हो, ज्या स्प्रूने त्यांचे दोन भाऊ नेले, त्यावरही फॉलिक आम्लाचा गुण येतो. भावांना जाऊन तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती.

शाळेत आम्ही आठवड्यातून एकदा मुलामुलींना निळी गोळी देतो, लोह आणि फॉलिक आम्लाची. मुली तोंड वाकडं करतात, काही हळूच दप्तरात लपवतात. मी लक्ष ठेवते. घरी आई-वडिलांनीही ठेवावं.

दुसरं काम त्याच्या उलट दिशेचं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत होते. फॉलिक आम्लाने त्या मुलांचा रोग उलट वाढतो असं त्यांना दिसलं. मग फॉलिक आम्लासारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं औषध दिलं तर? कुलपात बसते पण फिरत नाही अशी खोटी किल्ली. सुब्बाराव यांच्या पथकाने अशा किल्ल्या बनवून पाठवल्या. त्यातली ॲमिनोप्टेरिन 1947 च्या अखेरीस मुलांना दिली गेली. सोळापैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. तो परत आला, मुलं वाचली नाहीत, पण या रोगाला रसायनाने मागे रेटता येतं हे पहिल्यांदा दिसलं. तिचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं, आणि संधिवातातही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ही पिवळी गोळी असेल. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

तिसरं हत्तीपायाचं औषध, डायइथिलकार्बामॅझिन, 1947 चं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातल्या वाचकांनी आरोग्य कर्मचारी दारात येऊन समोर उभं राहून खायला लावतात त्या गोळ्या पाहिल्या असतील. त्यात हे असतं. चौथं ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं प्रतिजैविक. ते मातीतल्या बुरशीसारख्या जिवाणूत सापडलं बेंजामिन डग्गर यांना. सत्तरी ओलांडलेल्या या निवृत्त प्राध्यापकांना सुब्बाराव यांच्या संशोधन विभागातच काम मिळालं होतं. 1994 मध्ये बीड आणि सुरतला प्लेगची बातमी आली तेव्हा मी शाळेत होते. तोंडाला रुमाल बांधून लोक मेडिकलपुढे रांगा लावत होते आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपत होत्या. ते औषध याच घराण्यातलं.

ऑरिओमायसिनची घोषणा 1948 च्या जुलैमध्ये झाली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सुब्बाराव झोपेतच गेले. हृदयविकार. वय 53. ज्या वर्षी निघाले त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत. शेषगिरी यांनी पंचवीस वर्षं वाट पाहिली, नवऱ्याची भेट पुन्हा झाली नाही. विज्ञानाच्या पुस्तकांत या बाईंचं नाव कुठेच येत नाही, म्हणून इथे मुद्दाम दुसऱ्यांदा लिहिलं.

नोबेल मिळालं नाही. 1995 मध्ये, जन्मशताब्दीला, भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

माझी भाची बी.एस्सी.ला आहे. मागच्या महिन्यात तिने प्रॅक्टिकलची वही दाखवली. फॉस्फेट मोजण्याचा प्रयोग, फिस्के-सुब्बाराव पद्धत. तिला वाटत होतं दोघंही गोरे. मी तिला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने पेन काढून वहीत सुब्बाराव या नावाखाली रेघ ओढली आणि बाजूला भीमावरम असं लिहिलं.